मोटर कोणी चालू ठेवली होती

दर रविवारी सकाळी तुमचा फोन आला की तुम्ही दोघे आधी एकच प्रश्न विचारता, "आजोबा, मोटर बंद केली का?" आणि तिकडे हसून लोळता. आजोबाही इकडे हसतात आणि कानाची पाळी धरतात. हा खेळ आठ-नऊ महिने चालला. आता तो बंद करायचा आहे. त्याचे कारण फोनवर सांगण्यासारखे नाही, तिथे तुम्ही मध्ये बोलता, आजोबा मध्ये बोलतात आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते आहे.

आधी मूळ घटना. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या दिवशी येते त्या दिवशी आधी अंगणातला हौद भरायचा आणि मग मोटर लावून ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. टाकी भरली की जास्तीचे पाणी पाइपातून बाहेर पडते आणि थेट शेजारच्या भाभींच्या गच्चीवर पडते, कारण त्यांचे घर आपल्यापेक्षा एक मजला बुटके आहे. गेल्या रमजानच्या तोंडावर भाभींनी तिथे बाजेवर शेवया वाळत घातल्या होत्या. पाण्याचा दिवस नेमका रविवारी आला. टाकी भरली, वाहिली आणि शेवयांचा लगदा झाला. भाभी भिंतीपलीकडून ओरडल्या, "मॅडम! सारी सेवैयाँ पानी में गई! अब ईद को क्या तुम्हारी मोटर उबालके पिलाऊँ?"

मी धावत जाऊन मोटर बंद केली. आजोबांची गाठ पडताच मी म्हणाले, "अहो, मोटर बंद करायला सांगितलं होतं ना तुम्हाला?" ते म्हणाले, "सांगितलं होतंस? मग राहिली असेल." संध्याकाळी मी वहीत तसे लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. पुढच्या रविवारी तुम्हालाही वाचून दाखवले.

माझी वही तुम्ही पाहिली आहे. रोज एक पान. सकाळपासून जे घडेल ते निळ्या पेनने, वेळ घालून, आणि संध्याकाळी त्या दिवसाचे सार काळ्या पेनने. लग्न झाल्यापासून एकही पान रिकामे नाही. घरात वाद झाला की वही काढायची आणि वाद मिटवायचा, अशी आपल्या घरची पद्धत.

आता त्या मुलीबद्दल. वरच्या खोलीत जूनपासून एक मुलगी भाड्याने राहते. सोयगावकडची आहे, घरी कापसाची शेती, आणि इथे वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. "आजी, मला कोर्टातलं इंग्रजी शिकवता का?"

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. तिच्या कॉलेजात एक खोटा खटला चालवायची स्पर्धा असते. खऱ्या कोर्टासारखे साक्षीदार, वकील, न्यायाधीश, सगळे असतात, फक्त गुन्हा कागदावरचा. कॉलेजचा संघ बाहेरगावी जाणार होता. तिला तिच्या सरांनी सांगितले होते की तिची टिपणे सगळ्यांत चांगली आहेत, पण समोरच्याने भलता प्रश्न विचारला तरी ती हरकत घ्यायला उठतच नाही. शनिवारी शेवटची चाचणी होती. तेव्हाही ती बसून राहिली तर संघासाठी टिपणे ती काढील आणि उभे राहून बोलायचे काम दुसरी करील.

"मी वकील व्हायले ते टिपणं काढायला का, आजी?" ती म्हणाली. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला ती तेव्हाच आवडली.

दोन दिवसांत माझ्या लक्षात आले की अडचण इंग्रजीची नाही. हरकत घ्यायला चार शब्द पुरतात आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते. साक्षीदाराने स्वतः पाहिले ते सांगायचे, दुसऱ्याने सांगितलेले ऐकीव चालत नाही. ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर आहे तो सूचक प्रश्न, आणि तो आपल्याच साक्षीदाराला विचारायचा नाही. समोरच्याच्या साक्षीदाराला उलटतपासणीत मात्र विचारता येतो. हे तिने मला इतके नीट समजावले की शिकवणी कोण कोणाची घेत आहे हे कळेना.

मग आम्ही चहाच्या वेळी सराव ठेवला. आजोबा बोलतील आणि ऐकीव आले की तिने त्यांना अडवायचे. ऐकीव गोष्टींचा तुटवडा आपल्या घरी कधीच नसतो.

"दूधवाला म्हणत होता," आजोबांनी सुरुवात केली, "की नव्या पाइपलाइनचं पाणी पुढच्या महिन्यात येणार. त्याचा मेहुणा तिथंच कामाला आहे. मेहुण्याला साहेबांनी स्वतः सांगितलं—"

मी तिच्याकडे पाहिले. ती कप हातात धरून बसली होती. साहेब संपले, मेहुणा संपला, दूधवाला संपला, आजोबांनी चहाही संपवला. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, झालं का तुमचं? मग माझी हरकत होती."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अगं, मधे का नाही बोललीस?" मी विचारले.

"आमच्याकडं मोठं माणूस बोलायलं की मधी कुणी बोलत नाय, आजी. आबा बोलायले असले तर आम्ही पाण्याचा घोटसुदा आवाज न करता गिळतो." तिने मान खाली घातली. "तिथं सर बोलायले, समोरचे वकील बोलायले, की माझे पायच उठत नाय."

मी तिला म्हणाले, "हे बघ, उत्तर एकदा न्यायाधीशांच्या कानावर पडलं की पडलं. टाकी वाहून शेवया भिजल्यावर मोटर बंद करून काय उपयोग?" आणि नेहमीच्या सवयीने आजोबांकडे पाहिले. त्यांनी नेहमीच्या सवयीने कानाची पाळी धरली.

"कुठली मोटर?" तिने विचारले. मी सगळी हकिगत सांगितली. ऐकून ती म्हणाली की कागदावरच्या खटल्यात साक्षीदार उत्तरे पाठ करून येतात, त्यामुळे सरावाला खरी घडलेली गोष्ट बरी, असे सर सांगतात.

"मग माझाच खटला चालवा," आजोबा म्हणाले. "इतके महिने शिक्षा भोगतोय, एकदा सुनावणी तरी होऊ द्या."

गुरुवारी दुपारी चार वाजता आपल्या बाहेरच्या खोलीत कोर्ट भरले. न्यायाधीश म्हणून भाभींचे यजमान आले. ते दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे सगळी नोकरी न्यायाधीशांच्या पायाशी बसून त्यांचे कागद सांभाळण्यात गेली. आज वरच्या जागेवर बसायचे म्हणून त्यांनी लग्नातला काळा कोट घातला होता. आजोबांनी त्यांच्यासमोर खलातला बत्ता आणून ठेवला.

"हे काय?"

"हातोडा. ठोकायला."

"आपल्या कोर्टात हातोडा नसतो, भाईसाहब. तो सिनेमात. घेऊन जा, मसाला कुटा."

"आणि फिर्यादीचा नवराच न्यायाधीश, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"मी घरात कधी तिच्या बाजूने निकाल दिलेला नाही," शिरस्तेदार म्हणाले. "विचारा तिला."

"हौ, ये सही बात है," भाभी म्हणाल्या.

फिर्यादीच्या वकील म्हणून मुलीची एक मैत्रीण आली होती. शहरातली, तिखट जिभेची, बोलताना पेन नाचवणारी. आपली मुलगी आरोपीची, म्हणजे आजोबांची वकील. फिर्यादीच्या बाजूची मुख्य साक्षीदार मी. खटला इंग्रजीत चालवायचे ठरले होते, पण पाच मिनिटांत सगळे मराठीवर आले आणि भाभी त्यांच्या हिंदीवरच राहिल्या.

मी शपथ घेतली. मैत्रिणीने विचारले, "शेवया भिजल्यावर फिर्यादी तुम्हाला काय म्हणाल्या?" मी सांगून टाकले, अगदी मोटर उबालके पिलाऊँपर्यंत. मुलगी अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"आणि आरोपी पहिल्यापासूनच विसरभोळे आहेत, खरं ना?"

यात उत्तर पोटातच होते, शिवाय आजोबांचा स्वभाव हा काही पुरावा नव्हे. मी मुलीकडे पाहिले. ती स्वतःच्या वहीत काहीतरी भराभर लिहीत होती. शेवटी आजोबाच ओरडले, "हरकत आहे!"

"आरोपीने हरकत घ्यायची नसते," शिरस्तेदार म्हणाले. "वकील दिलाय ना तुम्हाला?"

"दिलाय हो! पण ती उठत नाही!"

सगळे हसले. मुलीचा चेहरा लाल झाला. पुढचा प्रश्न आला, "शेजारपाजारचे लोक आरोपींबद्दल काय म्हणतात?" मी तोंड उघडले आणि समोरची खुर्ची करकरली. ती उभी होती. "हरकत आहे! ऐकीव!" आणि लगेच माझ्याकडे वळून, हात जोडून, "माफ करा आजी, तुमचं चालू होतं."

"हरकत मान्य," शिरस्तेदार म्हणाले. "माफी नामंजूर. साक्षीदाराची माफी मागायची नाही, वकीलबाई."

मला इतके बरे वाटले की पुढे मी थोडी जोरातच साक्ष दिली. त्या दिवशी नक्की काय झाले असे विचारल्यावर मी म्हणाले, "मला वही बघून सांगू द्या." कायद्यात तशी मुभा आहे. ज्याने त्याच वेळी लिहून ठेवले त्याला आठवण ताजी करायला आपले लिखाण बघता येते. मी पान उघडले आणि ठणकावून वाचले, "यांनी मोटर बंद केली नाही. भाभींच्या शेवया भिजल्या." वही मिटली. मैत्रीण म्हणाली, "माझे प्रश्न संपले," आणि पेन नाचवत बसली.

पण ज्या लिखाणावरून साक्षीदार बोलतो ते बघायचा हक्क समोरच्या वकिलालाही असतो. मुलीने वही मागितली. मी दिली. तिने ते पान वरपासून खालपर्यंत वाचले, मग पुन्हा वरपासून वाचले. तिचे बोट दोन ठिकाणी थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले, वही हळूच मिटली.

"काही विचारायचं आहे, वकीलबाई?" शिरस्तेदारांनी विचारले.

"नाय," ती म्हणाली. "काही नाय विचारायचं."

आणि ती खाली बसली.

मला वाटले, गेले. शनिवारीही असेच होणार आणि ही आयुष्यभर दुसऱ्यासाठी टिपणे काढणार. पानावर काय आहे याचा मला पत्ता नव्हता. मला फक्त बसलेली विद्यार्थिनी दिसत होती, आणि अशा वेळी माझ्या तोंडून जे निघते ते निघाले. "उभी राहा. पान पूर्ण वाचलंस ना? मग विचार."

"आजी, राहू द्या की."

"उभी राहा म्हटलं ना."

साक्षीदाराने वकिलाला उभे केल्याचे शिरस्तेदारांनी सगळ्या नोकरीत पाहिले नव्हते, पण त्यांनी ते चालू दिले. ती उठली. सुरुवातीला तिचा आवाज खूप बारीक होता.

"ही वही तुम्ही घडेल तशी लिहिता?"

"हो."

"वेळ घालून?"

"मिनिटासकट."

"सात पस्तीसला लिहिलंय, मोटर सुरू. ती सुरू तुम्ही केली?"

"मी केली."

"सात चाळीसला लिहिलंय, मुलांचा फोन. आठ वीसला फोन संपला. तो सगळा वेळ तुम्ही फोनवर होता?"

"हो." त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या शाळेच्या नाटकातला प्रवेश करून दाखवला होता. तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. मला चांगले आठवते.

"त्या वेळात तुम्ही मोटरीजवळ गेला नाय?"

"नाही. पण मी यांना सांगितलं होतं, बंद करा म्हणून."

"तशी नोंद नाय या पानावर."

"नसेल. सगळंच कुठं लिहिते मी?"

"तुम्ही मिनिटासकट लिहिता, आजी." मग चूक सुधारून, "साक्षीदार." तिने वही माझ्यासमोर उघडून धरली. "सहा पन्नासची नोंद मोठ्यानं वाचा."

मी वर्गात वाचत असे त्या आवाजात वाचले. "हे मंडईत. लिंबे, कोथिंबीर, मिळाल्यास मेथी."

"आता आठ तीसची."

"हे परतले." इथे माझा आवाज आपोआप खाली आला. "मेथी नाही."

"शेवया भिजल्याचं फिर्यादी ओरडल्या ते आठ पंचवीसला?"

"हो."

"म्हणजे तेव्हा आरोपी घरात नव्हते?"

"नव्हते," मी म्हणाले.

"यांनी मोटर बंद केली नाही, ही ओळ काळ्या पेनची आहे. म्हणजे संध्याकाळची. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं?"

"नाही. तसं धरून चालले."

"माझे प्रश्न संपले," ती म्हणाली. या वेळी माफी मागितली नाही. बसली मात्र एकदम.

"या अल्लाह," भाभी म्हणाल्या. "मॅडम, तुम?"

शिरस्तेदारांनी कोटाची बटणे नीट केली आणि निकाल दिला. आरोपी निर्दोष. साक्षीदारावर वेगळा खटला भरायचा की नाही हे फिर्यादीने ठरवावे. भाभींनी तिथेच ठरवले. "अगले रमजान में सेवैयाँ मॅडम बनाएँगे. मैं बाज पे बैठके देखूँगी. और एक भी मोटी निकली तो फिर से बनवाऊँगी."

सगळे चहा प्यायला उठले तेव्हा मी आजोबांना बाजूला घेतले. "अहो, तुम्ही मंडईत होता, हे तुम्हाला आठवत नव्हतं?"

"अंधुक आठवत होतं," ते म्हणाले. "पण तू वही वाचून दाखवलीस. तुझी वही कधी चुकली नाही. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

हे ते अगदी सहज बोलले आणि बिस्किट चहात बुडवायला गेले. इतकी वर्षे मी त्या वहीतून एकेक ओळ वाचून दाखवत आले. पूर्ण पान मागायचे कोणाच्या मनातही आले नाही, आणि माझ्याही आले नाही.

शनिवारी मुलगी संध्याकाळी परतली. बॅग खांद्यावर, चप्पल पायात तशीच दारात उभी राहून सांगू लागली. चाचणीला सरांनी बाहेरून एक मोठे वकील बोलावले होते, पांढऱ्या केसांचे, भरदार आवाजाचे. त्यांनी साक्षीदाराला विचारले, वॉचमन तुम्हाला काय म्हणाला?

"साक्षीदारानं तोंड उघडलं न उघडलं, मी उठले," ती म्हणाली. "ते वकील माझ्याकडं बघायले, सर बघायले, सगळे बघायले. मी म्हणाले, ऑब्जेक्शन, हिअरसे. आणि उभीच ऱ्हायले."

"मग?"

"मान्य झाली. मग अजून तीनदा उठले. एकदा चुकीची उठले, ती फेटाळली. पण निवडलं, आजी. उभं ऱ्हाऊन बोलणारी म्हणून निवडलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई वाटली." ती चप्पल काढत हसली. "पण गुरुवारी तुम्हाला मेथीचं विचारलं ना, तेवढी नाय."

जाता जाता तिने मला एक सांगितले. मी त्या पानावरची काळी ओळ खोडायला पेन घेऊन बसले होते. "खोडू नका, आजी. मूळ लिखाण तसंच ठेवायचं. खाली दुरुस्ती लिहायची, आजची तारीख घालून." म्हणून मी ती ओळ ठेवली आहे. खाली लाल पेनने लिहिले आहे की मोटर मी सुरू केली होती आणि बंद करायचे मीच विसरले. त्याखाली माझी सही आहे, आणि साक्षीदार म्हणून आजोबांची. त्यांनी सही करायच्या आधी चष्मा लावून पूर्ण पान वाचले.

तेव्हा या रविवारी फोन लागला की तो प्रश्न मला विचारा. कॅमेरा नीट समोर ठेवीन, म्हणजे मी कानाची पाळी धरलेली तुम्हाला स्पष्ट दिसेल.